कादंबरीचे स्थळ आणि निवेदकाचे स्थान

कादंबरीच्या घटकांची चर्चा करताना कथानक, पात्रे, संवाद आणि सर्वांत शेवटी वातावरण असा क्रम लावण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथाने लेखनतंत्राची चर्चा मराठीत लोकप्रिय केली, तेव्हापासून ही रूढी विशेष दृढ झाली असे दिसते. स्थळ हे या वातावरणाचे एक उपांग मानले जाते. जणू लेखकाच्या मनात माणसे व त्यांच्यामधील संघर्ष अगोदर सिद्ध होतात आणि मग ती माणसे कोठे उभी करावयाची एवढाच प्रश्न उरतो. नाटकमंडळीने जंगलाचा पडदा सोडावा की राजवाड्याचा, तसा. ‘पार्श्वभूमी’ ही आपली लाडकी संज्ञा याच कल्पनेतून आलेली आहे. पृष्ठभागी जे आहे ते बदलले तरी पुढच्या माणसांचे काही बिघडत नाही, हे तीत गृहीत धरलेले असते.

मराठीत लिहिणाऱ्या कादंबरीकारापुरते तरी हे गृहीत टिकणारे नाही. याचे कारण वाङ्मयीन असण्यापूर्वी भाषिक आहे, आणि म्हणून एका भाषाभ्यासकाने या विषयात बोलण्याचे धाडस केले तर ते अगदीच अनाठायी ठरू नये.

अगदी साधे उदाहरण घेऊ. लेखकाला आपल्या नायकाला सकाळी उठून कामावर पाठवावयाचे आहे. नायक शेतकरी आहे. तो वऱ्हाडात असेल तर वावरात जाईल. (वावर हा शब्द नगर-नाशिककडेही आहे, पण तेथे त्याचे शेजारी शब्द वेगळे आहेत.) सांगली-कोल्हापूरकडे तो रानात जाईल, किंवा विहिरीचे पाणी असेल तर मळ्यात. दापोली-हर्णैच्या पट्ट्यात असेल तर आगरात, भातखाचरात की वरकस जमिनीवर, हे अगोदर सांगावे लागेल. कारण आगर असणारा मनुष्य आणि केवळ वरकस कसणारा मनुष्य यांच्यामध्ये त्या गावातील सगळी समाजरचना उभी आहे. ‘शेत’ हा शब्द आहेच, आणि तो सर्वत्र समजतोही. परंतु तो मुख्यतः पाठ्यपुस्तकात आणि सात-बाराच्या उताऱ्यात नांदतो; सकाळी उठून कामावर निघालेल्या माणसाच्या तोंडी तो सर्वत्र सारखा येत नाही. एवंच, स्थळ ठरविल्याशिवाय मराठी कादंबरीकाराला आपला नायक घराबाहेरसुद्धा काढता येत नाही. शब्दाबरोबर पीक येते, पिकाबरोबर हंगाम आणि पाऊस येतो, भाकरी ज्वारीची की नाचणीची हे ठरते, घरात कर्ज केव्हा काढले जाईल आणि लग्न केव्हा होईल हेही बरेचसे ठरते. ज्याला कथानक म्हणतात ते यापलीकडे फारसे उरत नाही.

येथवर कोणी विशेष मतभेद दाखविणार नाही. प्रादेशिक कादंबरीचे आपले सर्व समीक्षक हे मान्य करतात. किंबहुना ते इतके मान्य करतात की, प्रदेश म्हणजे बोली, आणि बोली जितकी अस्सल तितकी कादंबरी श्रेष्ठ, असे एक समीकरण आपल्या वर्गांतून आणि प्रबंधांतून रूढ होऊन बसले आहे. या समीकरणाविषयी मला येथे मुख्यतः लिहावयाचे आहे. कारण ते पसरविण्यात माझाही हात आहे.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या बोलींचे नमुने त्यात संगृहीत आहेत. सर्वेक्षणासाठी एकच गोष्ट ठिकठिकाणी भाषांतरित करून घेतलेली होती: बायबलमधील उधळ्या पुत्राची. बापाजवळ आपला वाटा मागून घेऊन परदेशी गेलेला, तेथे डुकरे राखण्याची पाळी आलेला आणि शेवटी घरी परतलेला तो मुलगा या खंडात बोलीमागून बोलीत बोलतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही सामग्री अमोल आहे. पण वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने ती एकदा वेगळ्या दृष्टीने वाचून पाहावी. गोष्टीतील प्रत्येक प्रत्यय त्या त्या भागाचा आहे, तरीही ती गोष्ट त्या भागाची झालेली नाही. वऱ्हाडी नमुन्यातील बाप वऱ्हाडी बोलतो, पण तो वऱ्हाडातील बाप नव्हे. वऱ्हाडातील बापाने वाटणी मागणाऱ्या धाकट्याला काय म्हटले असते, चार भाऊबंदांना कसे बोलाविले असते, हे त्या नमुन्यात कोठेच नाही. बोली पूर्णपणे अस्सल आणि स्थळ शून्य, अशी ही स्थिती आहे. आपल्याकडील काही प्रादेशिक म्हणविणाऱ्या कादंबऱ्या वाचताना मला या नमुन्यांची आठवण होते. शहरात सुचलेले कथानक, शहरी अपेक्षांची माणसे, आणि वर बोलीचे भाषांतर.

तेव्हा स्थळ ठरविणे म्हणजे बोली ठरविणे नव्हे. मग ते काय आहे?

मराठीत ‘येणे’ आणि ‘जाणे’ ही दोन क्रियापदे आहेत. ‘मास्तर वाडीत आला’ आणि ‘मास्तर वाडीत गेला’ या दोन वाक्यांत घडलेली घटना एकच आहे. बदललेली आहे ती सांगणाऱ्याची जागा. पहिल्या वाक्यातील निवेदक वाडीत उभा आहे. दुसऱ्यातील निवेदक वाडीबाहेर, मास्तर जेथून निघाला तेथे, किंवा दोन्हींपासून दूर कोठेतरी. ‘पोचला’ हे क्रियापद याबाबत पुष्कळसे तटस्थ आहे खरे, पण केवळ ‘पोचला’च्या बळावर तीनशे पृष्ठे लिहिता येत नाहीत. ‘इकडे-तिकडे’, ‘आमच्याकडे-त्यांच्याकडे’, ‘आणणे-नेणे’ या जोड्यांची गोष्टही अशीच आहे. त्यातून प्रत्येक प्रदेशाचे आपले स्वतःचे दिक्ज्ञान असते. कोकणातील मनुष्य ‘घाटावर’ जातो. घाटावरचा मनुष्य कोकणात ‘उतरतो’. ज्याला आपण देश म्हणतो तो कोकणच्या दृष्टीने वर आहे. नागपूरचा मनुष्य ‘पुण्यामुंबईकडचे’ असे म्हणतो तेव्हा पुणे आणि मुंबई ही दोन शहरे त्याच्या वाक्यात एकाच दिशेला आणि एकाच अंतरावर जाऊन बसतात. खेड्यात ‘वरली आळी’ व ‘खालची आळी’ हा भेद भूगोलाचा असतो तितकाच जातीचाही असतो. कादंबरीचे पहिले वाक्य लिहिताक्षणी लेखक या जाळ्यात कोठेतरी उभा राहतो. त्याने ते ठरवून केले नसेल तर भाषा त्याच्यावतीने ठरवून टाकते.

म्हणून ज्याला आपण मोघमपणे स्थळ म्हणतो त्याचे दोन भाग करावेत असे मी सुचवितो. घटना जेथे घडतात ते कथेचे स्थळ. आणि सांगणारा जेथे उभा राहून सांगतो ते निवेदकाचे स्थान. लेखक लिहावयास बसण्यापूर्वी बहुधा पहिले ठरवितो. कादंबरीचे बरेवाईट पुष्कळदा दुसऱ्यावर अवलंबून असते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. औंध संस्थानातील धनगरांची एक लहानशी वाडी हे तिचे स्थळ. निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण शाळामास्तर. तो पायी चालत वाडीवर येतो आणि मग वाडी आपल्याला दिसू लागते. कारभारी, आनंदा रामोशी, दादू बालट्या, अंजी ही माणसे बोलतात ती माणदेशी धाटणीने, आणि निवेदन मात्र पुष्कळसे प्रमाण मराठीत आहे. या विसंगतीचे समर्थन साधारणतः वाचकांच्या सोयीच्या आधारे केले जाते: सगळेच बोलीत लिहिले असते तर पुण्यामुंबईच्या वाचकाला जड गेले असते, असे. मला हे समर्थन अपुरे वाटते, आणि त्याची गरजही वाटत नाही. राजाराम हा मास्तर आहे. प्रमाण मराठी हा त्याचा पेशा आहे. तीच शिकविण्यासाठी संस्थानाने त्याला वाडीवर पाठविले आहे. तेव्हा त्याने प्रमाण भाषेत सांगणे ही लेखकाने घेतलेली सवलत नसून कथेतीलच एक वस्तुस्थिती आहे. मेंढरांमागे जाणारी पोरे ज्या भाषेच्या शाळेत यावयास तयार नाहीत, त्याच भाषेत त्या पोरांची हकीकत आपण वाचीत असतो. वाडीतील प्रत्येक संवाद आणि त्याभोवतीचे निवेदन यांत जे अंतर आहे, तेच मास्तर आणि वाडी यांच्यामधील अंतर आहे. आणि पुढे तालीम बांधण्याच्या खटाटोपात ते कमी होत जाते तेव्हा निवेदनातही वाडीचे शब्द अधिक मोकळेपणाने शिरू लागतात. निदान मला तसे वाटते. एखाद्या विद्यार्थ्याने हे प्रकरणवार तपासून माझे म्हणणे खोडून काढले तर मला आनंदच होईल.

माडगूळकर स्वतः त्या भागातले. वाडीतील कोणाही धनगराच्या मुखाने त्यांना ही कथा सांगता आली असती, किंवा नेहमीच्या सर्वज्ञ निवेदकाचा आश्रय करता आला असता. त्यांनी बाहेरून येणाऱ्या, परंतु फार लांबून न आलेल्या मनुष्याची निवड केली. कादंबरी लिहिण्यापूर्वी स्थळ ठरविणे याचा खरा अर्थ मला येथे दिसतो. वाडी ठरविणे सोपे होते. वाडीकडे येणारी वाट ठरविणे अवघड होते.

याच्या उलट प्रकार ‘कोसला’मध्ये (१९६३) आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या या कादंबरीचा पुष्कळ भाग पुण्यात, महाविद्यालयात आणि वसतिगृहात घडतो. स्थळाच्या यादीत तिची नोंद पुण्याखाली करावी लागेल. परंतु पांडुरंग सांगवीकराच्या वाक्यांतले ‘इकडे’ कधी पुण्याचे होत नाही. खानदेशातील सांगवी हे त्याचे स्थान आहे. तेथून तो निघून गेलेला आहे आणि तेथे त्याला मनापासून परतताही येत नाही. मराठी कादंबरीत पुणे तोवर असंख्य वेळा आलेले होते, परंतु ते जवळजवळ नेहमी आतून पाहिलेले, स्वतःला मध्यबिंदू समजणारे पुणे होते. ‘कोसला’त ते प्रथमच इतक्या ठळकपणे परके शहर झाले. स्थळ जुनेच होते. स्थान नवे होते. ‘कोसला’च्या भाषेविषयी आपल्याकडे जे विपुल लिहिले गेले आहे त्यात या साध्या गोष्टीचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर एक आनुषंगिक मुद्दा मांडून घेतो. ज्याला आपण प्रमाण मराठी म्हणतो तीही एका स्थळाची भाषा आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली झाला; शास्त्रीमंडळी, पाठ्यपुस्तके आणि मुद्रणालये यांच्या द्वारे पुढील काही दशकांत पुणेरी शिष्टांच्या भाषेला प्रमाणत्व प्राप्त झाले. हा इतिहास येथे सर्वांना अवगत आहे. त्याचा कादंबरीच्या दृष्टीने होणारा परिणाम मात्र आपण विसरतो. तृतीयपुरुषी निवेदक जेव्हा प्रमाण मराठीत बोलू लागतो तेव्हा तो स्थळातीत होत नाही. तो आपल्याबरोबर एक वाडा, एक शाळा आणि एक जात घेऊन येतो. खेड्याच्या कथेत हा अदृश्य पाहुणा शेवटपर्यंत बसून राहतो.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या श्रेष्ठ कादंबरीत हा पाहुणा मला जाणवतो, हे सांगताना संकोच वाटतो. कारण मराठीतील मोजक्या निर्दोष कादंबऱ्यांत तिची गणना करण्याची आपली सवय आहे. कौतिकची वऱ्हाडी ही नुसती बोलीची नक्कल नव्हे. ‘मले’, ‘तुले’ हे प्रत्यय किंवा ‘करून राह्यलो’ यासारखी क्रियापदे तिच्यात आहेत म्हणून ती जिवंत आहे असेही नव्हे. नवऱ्याशी, मुलाशी, शेजारणीशी आणि ज्याच्याकडून उसने घ्यावयाचे आहे त्याच्याशी कौतिक वेगवेगळ्या रीतीने बोलते, आणि या चार रीतींमधून तिचे सगळे दारिद्र्य व सगळा ताठा आपल्याला कळतो. मात्र संवाद संपून निवेदन सुरू झाले की, निवेदक उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहतो. तो कोण आहे, त्या घराशी त्याचा संबंध काय, हे कादंबरीला माहीत नाही. सुदैवाने शेळके त्याला फार बोलू देत नाहीत. कौतिक बोलत राहते, आणि कादंबरी तिच्या बोलण्यावर तरून जाते.

आनंद यादवांनी ‘गोतावळा’मध्ये (१९७१) हा पाहुणा घराबाहेर काढला. नारबा हा शेतगडी संबंध कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. कथेचे स्थळ आणि निवेदकाचे स्थान येथे पूर्णतः एक झालेले आहे. याचे मोलही लेखकाने भरले आहे. नारबाला जे दिसत नाही ते कादंबरीत नाही. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचा गोतावळा विस्कटतो, एवढे त्याला कळते. ट्रॅक्टर का आला, मालकाचा हिशेब काय, हे त्याच्या भाषेत मावत नाही. एखादा अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला उणीव म्हणेल. परंतु मळ्यावरून दिसणारा मळा आणि तालुक्याच्या कचेरीतून दिसणारा मळा या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात हव्या असतील तर निवेदकाला सारखे ये-जा करावे लागेल, आणि त्या ये-जा करण्यात नारबा हरवेल.

बोली आणि स्थान यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे सिद्ध करण्यासाठी फार मागेही जाता येईल. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणुकी’तून १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यात बोलीचा प्रश्नच नाही. पण यमू पुण्याच्या एकत्र कुटुंबातून नवऱ्याबरोबर मुंबईस जाते तेव्हा शंभरेक मैलांचे ते अंतर म्हणजे कथानकाचा कणा ठरतो. मुंबईच्या बिऱ्हाडात नवराबायकोंना एकमेकांशी उघडपणे बोलता येते, पुण्यात येत नाही. कोणाच्या देखत काय बोलावयाचे, नवऱ्याचा उल्लेख कसा करावयाचा, हसावयाचे की नाही, हे सगळे घराच्या रचनेने ठरविलेले आहे. आणि रघुनाथाच्या मृत्यूनंतर यमूला पुण्यास परत यावे लागते तेव्हा तिच्या दुर्दैवाला स्थळाचे रूप येते. हरिभाऊंनी हे अगोदर आखून ठेवले होते की क्रमशः लिहिता लिहिता ते सापडले, हे सांगणे कठीण आहे. त्यापूर्वीच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील नगरांशी तुलना केली म्हणजे तीस वर्षांत केवढी मजल मारली गेली ते ध्यानात येते. त्या नगरांत कोणीही कोठेही कसेही बोलू शकत होता.

श्री. ना. पेंडसे यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे होते, परंतु त्यांच्या कोकणाची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली आहे. मला त्यांच्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०), ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि पुढे ‘रथचक्र’ (१९६२) या कादंबऱ्या लिहिताना पेंडसे मुंबईत राहात होते व नोकरी करीत होते. दापोलीकडचा तो परिसर त्यांनी लहानपणीच सोडला होता. गारंबीतील आगरे, पाखाड्या आणि सुपारीचा व्यापार इतक्या नेमकेपणाने दिसतात त्याचे एक कारण हे अंतर असावे. मग त्यांनी मुंबईविषयीच लिहावयाचे ठरविले आणि ‘लव्हाळी’ (१९६६) लिहिली, तेव्हा त्यांना दैनंदिनीचा आकृतिबंध घ्यावा लागला. खोतापासून कुळापर्यंत सगळ्या गावावर एकसारखी नजर ठेवणारा निवेदक मुंबईच्या चाळीत उपयोगी पडत नाही. तेथे एका कारकुनाने रात्री बसून आपल्यापुरते लिहावे, एवढेच शक्य होते. पेंडशांच्या टीकाकारांनी ‘लव्हाळी’ला तंत्राचा प्रयोग म्हटले. ती तंत्राची निवड नसून स्थळाने घातलेली अट होती, असे माझे मत आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. स्थळ अगोदर ठरवावेच लागते काय? आर. के. नारायण यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे मालगुडी हे नाव त्यांना १९३० साली एका रेल्वे स्टेशनच्या कल्पनेबरोबर सुचले. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही पहिली मालगुडी-कादंबरी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे येथे स्टेशन आधी आणि माणसे मागून. टॉमस हार्डीचे याच्या उलट आहे. वेसेक्स हे प्राचीन नाव त्याने १८७४ सालच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीत प्रथम योजिले, आणि सगळ्या कादंबऱ्यांतील गावे, रस्ते व अंतरे एकमेकांशी जुळतील अशी व्यवस्था त्याने पुष्कळ उशिरा, १८९५ च्या सुमारास निघालेल्या संकलित आवृत्तीच्या वेळी, जुन्या पुस्तकांत दुरुस्त्या करून लावली. तेव्हा नकाशा मागाहूनही काढता येतो. पण दोन्ही उदाहरणांत जे बदलले नाही ते पाहावे. हार्डीने मैल बदलले, गावांची नावे बदलली. आपल्या निवेदकाला डॉर्सेटमधून उचलून लंडनला नेऊन बसविले नाही. तसे केले असते तर दुरुस्ती पुरली नसती, पुस्तके पुन्हा लिहावी लागली असती. कथेचे स्थळ लिहिता लिहिता पक्के होऊ शकते. निवेदकाचे स्थान मात्र पहिल्या क्रियापदापासून लागते.

आता मघाशी सूचित केलेल्या माझ्या अपराधाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणे मला वाचावयास दिली. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील एका खेड्यातून तो आलेला होता. त्या सीमेचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, आणि मराठवाडा १९४८ पर्यंत प्रत्यक्ष निजामाच्या अमलाखाली राहिला. त्यामुळे एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन सारापद्धती, दोन प्रकारच्या शाळा आणि दफ्तराच्या दोन भाषा जवळपास शंभर वर्षे नांदल्या. कादंबरी त्याच ओढ्याकाठची होती. मी त्या वेळी नुकताच बोलींच्या व्याकरणावरील आपला प्रबंध पूर्ण केलेला होता आणि प्रत्ययांच्या बाबतीत माझा आत्मविश्वास दांडगा होता. त्या विद्यार्थ्याच्या एकाच पात्राच्या तोंडी कोठे ‘मले’ आणि कोठे ‘मला’ असे येत होते. मी तांबड्या पेन्सिलीने सगळे ‘मला’ खोडून ‘मले’ केले आणि समासात लिहिले की, बोलीत सातत्य हवे. तो म्हणाला, “सर, ते दोन्ही बोलतात.” मी त्याला समजावून सांगितले की, शहरात राहिल्यामुळे त्याच्या कानावर प्रमाण भाषेचा संस्कार झाला आहे.

पुढे क्षेत्रकार्याच्या निमित्ताने मी त्या बाजूच्या गावांत पंधरा दिवस राहिलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांशी ध्वनिमुद्रणासाठी बोलत होतो. ते माझ्याशी बोलताना ‘मला’ म्हणत, सुनेला हाक मारून पाणी मागताना ‘मले’ म्हणत, आणि तलाठी येऊन बसला तेव्हा त्याच्याशी पुन्हा ‘मला’ म्हणू लागले. ओढ्यापलीकडच्या व्याह्यांशी ते कसे बोलतात हे मला ऐकावयास मिळाले नाही. सातत्य होतेच, पण ते प्रत्ययात नव्हते. समोर कोण आहे, आणि तो ओढ्याच्या कोणत्या बाजूचा, कचेरीचा की घरचा, यावरून प्रत्यय ठरत होता. विद्यार्थ्याच्या हस्तलिखितात नेमके हेच होते. त्याने स्थळ ठरविले होते, आणि त्या स्थळात कोण कोणाशी कसा बोलतो हे त्याला पाठ होते. मी ते व्याकरणाने सपाट केले.

यावरून आपल्या प्रबंधांच्या पद्धतीविषयी एक सूचना करावीशी वाटते. अमुक कादंबरीतील बोलीचे वैशिष्ट्यपूर्ण शब्द, म्हणी व वाक्प्रचार यांची परिशिष्टे जोडण्यात आपल्या विद्यार्थ्यांची वर्षे खर्च होतात. ही परिशिष्टे कोशकारांच्या उपयोगी पडतात, आणि त्यांना मी कमी लेखीत नाही. परंतु त्यांतून कादंबरीविषयी फार थोडे कळते. त्याऐवजी एकाच कादंबरीतील ‘येणे’ व ‘जाणे’ तपासावे. निवेदकाचे ‘इकडे’ कोठे आहे आणि ते मध्येच सरकते काय ते पाहावे. एकच पात्र तिघांशी बोलताना काय काय बदलते याची नोंद करावी. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’सारख्या (१९६५) मुंबईच्या कादंबरीला ही पद्धत लावली तर तिच्या तथाकथित अश्लीलतेवर जी शाई खर्ची पडली तिच्यापेक्षा अधिक काही हाती लागेल, कारण तेथे नाका हे स्थळ आहे आणि नाक्यावर कोणाचेच घर नसते. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चा (१९३९) विचारही या अंगाने व्हावयास हवा. जहाज हे स्थळ असलेल्या कादंबरीत सगळेच जात असतात. कोणी येत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे पत्र लिहिले व माझी चूक कळविली. त्याचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. तो आता आपल्याच तालुक्यात शिक्षक आहे. कादंबरी त्याने पुढे लिहिलेली नाही. त्या दोन प्रकरणांची टंकलिखित प्रत माझ्याजवळ राहून गेली होती, ती हा लेख लिहिण्यापूर्वी मी पुन्हा काढून वाचली. प्रत्ययांच्या दुरुस्त्या मला आठवत होत्या. पहिल्या पानावरची एक दुरुस्ती मात्र मी विसरलो होतो. त्याने पहिले वाक्य ‘आमच्याकडे’ या शब्दाने सुरू केले होते. तो शब्द मी खोडला आहे, आणि त्याच्या डोक्यावर, माझ्या स्वच्छ हस्ताक्षरात, ‘त्या गावात’ असे लिहिले आहे.